ताईचा डावा गुडघा

३ मार्च

शिडी पडली. शिडी म्हणजे आमच्या नेटबॉल टीममधली सगळ्यात उंच पोरगी, बचावाला उभी राहते. चेंडू झेलून खाली येताना पाय दुसरीच्या बुटावर पडला आणि घोटा आत वळला. संध्याकाळपर्यंत सुजून घोट्याचा भोपळा. हल्ली मैदानावर कमी आणि माझ्या खोलीत जास्त पोरी असतात. म्हणायला मी टीमची फिजिओ, दिवसभर पिशव्यांत बर्फ भरते.

५ मार्च

ताईचा गुडघा तपासला. सख्खी बहीण असली तरी टेबलावर ती पेशंटच. डावी नडगी पुढे ओढली तर ड्रॉवर उघडावा तशी सरकली. उजवी जागची हलत नाही. दुखतंय का विचारलं. "छे." मग डोळे का मिटलेस? "झोप येतेय."

या खेळात चेंडू हातात आला की जागच्या जागी थांबायचं. धावत यायचं, उडी मारायची, एका पायावर उतरायचं — आणि थांबायचं. सगळा भार गुडघ्यावर. हिचा तो पेलणार नाही.

फायनल रविवारी.

६ मार्च

कोचना स्पष्ट सांगितलं, तिला उतरवू नका. म्हणाल्या, "बहीण आहे म्हणून तुझा जीव खालीवर होतोय." बहीण नसती तरी हेच सांगितलं असतं. असतं ना? हो.

संध्याकाळी आईकडे गेले. ताई भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षी मला चौतिसावं लागेल. तेव्हा फायनल तू आणून देणार आहेस का, डॉक्टरीणबाई?"

आई म्हणाली, "भांडायचं ते जेवून भांडा."

न जेवताच निघाले.

७ मार्च

ताईने बाहेरच्या एका डॉक्टरची 'खेळायला हरकत नाही' अशी सही आणली. कोचनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

८ मार्च

जिंकलो.

ताई शेवटपर्यंत खेळली. ती हवेत गेली की मी बाकावरून उठायचे, खाली उतरली की बसायचे. गुडघा टिकला. शेवटचा गोलही तिचाच. पोरी तिच्या गळ्यात पडल्या. माझ्या शेजारून गेली, पण बोलली नाही. कोच तेवढं म्हणाल्या, "बघितलंस?"

बघितलं.

१२ मार्च

टीममध्ये माझं नवं नाव — भित्री भागूबाई. कुबड्या सांभाळत शिडीसुद्धा हसली. हसू दे. चुकलाही असेल माझा हात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पोरींचे पाय तपासताना दोन-दोनदा बघते आहे.

ताई फोन उचलत नाही.

१९ मार्च

आज मीच केला नाही.

२३ मार्च

सकाळी ताईचा फोन. "बाथरूममध्ये आहे. नुसती वळले गं, आणि पाय गेला. उठता येत नाहीये. आई बाजारात गेलीये, ती यायच्या आत ये."

माझ्याकडच्या किल्लीने घर उघडलं. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. ताई ओल्या फरशीवर, गुडघा दोन्ही हातांनी धरून. आधी टॉवेल गुंडाळला तिच्याभोवती. मग ओरडले, "आतून कडी घातली असतीस तर? मी काय दार फोडलं असतं?"

"घालतच नाही," ती म्हणाली. "तू तपासलंस ना, त्या दिवसापासून."