पायाळू अक्काला

मुंबई, ५ डिसेंबर १९९४

ती. वच्छलाअक्कास,
तुझ्या कौतिकचा वाकून नमस्कार, म्हणजे वाकता येईल तेवढा.

दवाखाना बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं. भाऊंचा खोकला थांबला का?

चोपड्याला ट्रकमध्ये केळी भरताना पाठीत भरलेली चमक तुझ्या पायाच्या एका लाथेने जाईल असं वाटलं होतं. तू पायाळू, सगळं गाव पाठ घेऊन तुझ्या दारात येतं. मीही परत परत आलो.

डॉक्टर म्हणाले, मणक्यातून निघणारी नस दाबली गेलीय. कण्याला लागून असलेले आतले स्नायू त्याच नसेवर चालतात, ते डाव्या बाजूचे सुकलेत. वरून पाठ धडधाकट दिसते. केळीचं खोड कसं, वरून हिरवंगार आणि आत गाभा गेलेला.

तुझ्या लाथेने वाढलं का, ते मी विचारलं नाही. तूही कोणाला विचारू नकोस.

चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते, एवढंच. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे.

पण अक्का, आता कोणी ‘एक लाथ दे व’ म्हणत ओट्यावर पालथं पडलं, तर आधी त्याला चालायला लाव. पाय घासत असेल तर दवाखान्यात धाड. नाहीच ऐकलं, तर मी येईपर्यंत थांबवून ठेव. मला चालताना पाहिलं की ऐकेल.

तुझा धाकटा,
कौतिक