डोकरीची वाटी

२ सप्टेंबर २००३, आरमोरी

आज अठ्ठावीस जण! मोजले मी. चार खुर्च्यांवर, बाकीचे दारात, खिडकीत, दोघं तर सायकलच्या कॅरियरवर उभे. ‘सितारा व्हिडिओ गेम’मध्ये एवढी गर्दी माझ्यामुळे होते. मालक जलालभाई बोलून दाखवत नाहीत, पण चहा मागवतात.

गेम सगळा जपानीत. अक्षरं म्हणजे मोडलेल्या काड्यांची मोळी. सीडी नागपूरहून मीच निवडून आणली. दोन महिने बोटं झिजवली, कोणत्या ओळीवर काय होतं ते वहीत उतरवलं. तिसरी ओळ तलवार, पाचवी घोडा, सातवी दाबली की मेलो. अख्ख्या तालुक्यात हे दुसऱ्या कोणाला येत नाही. आता मी खेळतो आणि बोलतो, लोक ऐकतात. एका हाताचा परदेशी, त्याचा काळा घोडा, आणि जंगलातली डोकरी. वडशाच्या नाटक मंडळात एक सीझन पडदा ओढला होता, ते वाया गेलं नाही. रंगात आलो की वही मनगटावर आपटतो — पोरं गप्प!

कथा अशी. डोकरीनं परदेशीचा बाप खाल्ला. दर मुक्कामाला ती त्याला वाटीभर भात देते. भातात जहर, थोडं थोडं. शेवटी परदेशी तिचं मुंडकं उडवणार. हे कुठं लिहिलंय? लिहिलं असेल तर वाचता कोणाला येतं? मी तिच्या तोंडावरून ओळखलं.

४ सप्टेंबर

दिवसभर लाईन नाही. मशीन बंद म्हणजे मी कोणीच नाही.

७ सप्टेंबर

बाजार. लच्छू आला. कुरखेड्याच्या पुढं, जंगलातल्या गावचा. बांबूच्या टोपल्या आणतो, विकल्या की एक तास खेळतो. डाव साठवायच्या मेमरी कार्डावर माझ्या डावाखाली त्याचाही डाव आहे, पण पुढं जाईल तर शपथ! डोकरीच्या झोपडीभोवतीच फिरतो. लाकडं तोडतो, भात खातो, घोड्याला पाणी पाजतो. तास संपला की परदेशीला डोकरीच्या चुलीपाशी आणून सोडतो आणि उठतो.

आज मी ऐन रंगात असताना मधेच म्हणाला, “श्रीहरीभाऊ, जहर हाय तं खाल्ल्यावर त्याची लाल पट्टी काऊन भरते?”

जिवाची पट्टी, वरच्या कोपऱ्यात असते ती. मी म्हटलं, “आधी भरते, मंग उतरते. दारूचं कसं असते?” सगळे हसले.

“उतरताना तं नाई दिसली मले,” म्हणाला. हसला नाही.

मी सातवीपर्यंत तरी गेलो. यानं शाळेच्या भिंतीला पाठसुद्धा टेकवून पाहिली नाही, आणि मला शिकवतो! गावात जाऊन सगळी कथा मायला सांगतो म्हणे, पोरांना सांगतो. सांग बाबा. मशीन कुठून आणशील?

१६ सप्टेंबर

जलालभाईंची शिरीन ब्रह्मपुरीला कॉम्प्युटरचा कोर्स करते. बापाच्या मागं लागली आहे — दोन कॉम्प्युटर घेऊ, इंटरनेट लावू, ही टीव्हीवाली मशीन काढून टाका.

मी सांगून टाकलं, हा काळ्या घोड्याचा गेम कॉम्प्युटरवर येणार नाही. कधीच नाही! नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानदारानं सांगितलं होतं, कंपनीचा आणि मशीनवाल्यांचा करार आहे, याच मशीनवर चालेल, दुसरीकडे नाही. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत नटी एका मंडळाशी बांधली की सीझनभर दुसऱ्या मंडळाच्या पडद्यामागं फिरकत नाही, तसं.

शिरीन म्हणाली, “आन् सीझन संपल्यावर?”

मला एकदम नीलाबाई आठवली. आमच्या मंडळात राणी व्हायची. दुसऱ्या वर्षी समोरच्या मंडळाच्या पोस्टरवर, तोच मुकुट! तेव्हा मी पोस्टरला शेण फासलं होतं. ते शिरीनला नाही सांगितलं.

३० सप्टेंबर

नागभीडला जाऊन आलो. चार दिवस. काम असं काही नव्हतं. स्टेशनवर बसलो. छोट्या लाईनच्या गाडीतून पोती उतरवायची, उचलून मोठ्या लाईनच्या गाडीत चढवायची. पोतं तेच. एक म्हातारा हमाल म्हणाला, छोटी लाईन उखडली तर बरं होईल म्हणतात लोक, माझं काय होईल ते कोणी म्हणत नाही. त्याच्याजवळच्या बोकडानं माझा रुमाल खाल्ला.

परत येऊन खेळलो, आता गेममध्ये शेवटचा डोंगर तेवढा उरला आहे. जलालभाईंनी पाटीवर खडूनं लिहिलं — दिवाळीआधी डोकरीचा वध. माझं नाव नाही लिहिलं, पण कळतंच सगळ्यांना.

११ ऑक्टोबर

आला. कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत काळा घोडा आला!

शिरीनचा आतेभाऊ शहबाज नागपूरहून जोडणी करायला आला होता. तारा लावून झाल्या, खिशातून सीडी काढली. तोच परदेशी, तोच घोडा. आणि सगळं इंग्रजीत.

मी म्हटलं, करार होता. शहबाज म्हणतो, एकीकडे विकून झालं की दुसरीकडे विकतात, कराराला काय एक्सपायरी नसते का.

खेळायला तर भिकार. चार बोटं या टोकाला, चार त्या टोकाला, पेटी वाजवल्यासारखा घोडा हाकायचा. घोडा झाडावर आपटतो. झाडाची पानं पत्रावळीसारखी सपाट. डोकरीच्या चुलीतून धूरच निघत नाही! मी म्हटलं, अरे धूर पाहा, धूर नाही. एकानं पाहिलं नाही. सगळे खाली उमटणाऱ्या ओळींकडे टक लावून, आणि शिरीन वाचून मराठीत सांगत होती.

डोकरीनं बाप खाल्ला नाही. बाप परदेशीनंच मारला, लढाईत, न ओळखता. डोकरीला ते माहीत आहे. तरी जेवू घालते.

कोणीतरी विचारलं, मग जहर?

शिरीननं माझ्याकडे पाहिलं. “जखम भरायचा भात हाय, लिहिलं हाय इथी,” म्हणाली. हळूच म्हणाली. मोठ्यानं म्हणाली असती तर मी भांडलो तरी असतो.

१२ ऑक्टोबर

पानठेल्यावर गेलो. “श्रीहरी, चुना लावू का जहर?” अर्धी आरमोरी हसते आहे.

१५ ऑक्टोबर

कार्ड घेऊन शहबाजकडे गेलो. म्हटलं, माझा डाव याच्यात घाल, शेवटच्या डोंगरापासून. तिकडं तरी शेवट मीच दाखवीन. त्यानं कार्ड उलटंपालटं केलं. कॉम्प्युटरला हे लावायला जागाच नाही. म्हणाला, तिथं पहिल्यापासून खेळावं लागेल. एकशे चाळीस तास माझे! गेम येतो इकडून तिकडं, माणूस येत नाही.

जलालभाई मशीन गडचिरोलीच्या कोणाला तरी देणार आहेत. पाटी पुसली. मला म्हणाले, “तू भी कॉम्प्युटर सीख ले, शिरीन सिखा देगी.” चांगुलपणानंच म्हणाले. मी कार्ड खिशात टाकून निघालो.

१८ ऑक्टोबर

वैनगंगेच्या पुलावर गेलो आणि कार्ड फेकलं. आवाजसुद्धा आला नाही. खाली एक जण म्हशी धूत होता, त्यानं वर पाहिलं, वाटलं असेल नवसाचं काही टाकलं.

वही पण फेकणार होतो. राहिली.

१९ ऑक्टोबर

आज बाजार आहे हे मी काल विसरलो कसा?

लच्छू आला. सरळ जुन्या मशीनपाशी बसला. कार्ड मागितलं. मी म्हटलं, नदीत आहे.

त्याला कळेना. दोनदा सांगितलं. मग म्हणाला, “माह्यावाला डाव बी होता ना त्याच्यात.”

खरंच सांगतो, पुलावर हे डोक्यात आलं नव्हतं. आलं असतं तर? कोण जाणे. वरून मीच चढलो त्याच्यावर. म्हटलं, कॉम्प्युटरवर खेळ जा, इंग्रजी शीक, तूच बरोबर होतास म्हणते सारी दुनिया, घे आता, नाच!

तो नाही चिडला. त्याच्या टोपल्या अजून विकायच्या होत्या. त्या सरळ करत बसला थोडा वेळ.

“तिच्या चुलीपाशी बसवला होता मी त्याले,” एवढंच बोलला.

जाताना दारातून वळून म्हणाला, “नऊ तारखेले आमच्या गावची मंडई हाय, भाऊ. दंडार हाय दुपारी. या.”

जत्रेला, दंडारीतली नाचगाणी-सोंगं पाहायला मला कशाला बोलवतो? माझा तमाशा पाहायला?

२८ ऑक्टोबर

मशीन गेली. गोणपाटात बांधून, एस.टी.च्या टपावर. रोजे सुरू झाले, जलालभाई दुकान लवकर बंद करतात. आत चार पोरं माना खाली घालून कीबोर्ड बडवतात. कोणी बोलत नाही, कोणी ऐकत नाही. शिरीन म्हणाली, शेवट मी अजून कोणाले वाचून नाई दाखवला, तुम्ही या, बसा. म्हटलं, मला वेळ नाही. वेळच वेळ आहे.

३ नोव्हेंबर

वडशाच्या मंडळात विचारलं. पडदा ओढायला दुसरा ठेवला आहे. आता पडद्याला मोटर बसवायचं म्हणतात.

९ नोव्हेंबर

गेलो. कुरखेड्यापर्यंत एस.टी., पुढं पायी. पिंपळाखाली दंडार लागलेली, भरदुपारी, सगळी मंडई गोल बसलेली. आणि मधे बांबूचा काळा घोडा!

लच्छू परदेशी झाला होता, एक हात सदऱ्यात बांधून. झिंगू नावाचा पोरगा लुगडं नेसून डोकरी. आणि परदेशीच्या कानाशी एक जण, चैतू म्हणून, दर वाटीला सांगतो — जहर हाय, जहर हाय — मनगटावर वही आपटत. हुबेहूब मी! लोक हसून लोळत होते. मी उठून चालायला लागलो होतो.

तेवढ्यात डोकरीनं परदेशीला वाढलं, आणि मग त्या खोटारड्याला हाक मारली. बसवलं. त्यालाही वाढलं. हे मी कधी सांगितलं नव्हतं.

बाजूला लच्छूची माय, बुधरीबाई, लाल चिंधी लावलेली काठी धरून उभी होती. जिवाची पट्टी म्हणून. खोटारड्यानं पहिला घास घेतला, तशी तिनं ती हळूहळू वर नेली. पूर्ण वर.