चांदण्यांचं लाल तिकीट

४ जानेवारी
ही वही कुणी वाचायची न्हाई. ह्यांनी तर मुळीच न्हाई.
आज लई आनंद. नात तेजस्विनी आठवीत हाय. तिच्या शाळेत सतरा तारखेला जुन्या पोस्टाच्या तिकिटांचं प्रदर्शन. सासूबाईंच्या पेटीत थोरल्या मामंजींची पलटणीतली पत्रं व्हती, त्यातनं भारताच्या नकाशाचं लाल तिकीट निघालं. तेरा नये पैसे. पोरगी म्हणली, आजी, ही दोन जातीची असत्यात. वरनं सारखी, पण कागदाच्या पोटात वॉटरमार्क असतो. आधीच्यात चांदण्या, नंतरच्यात सिंह. ओलं करून काळ्यावर उलटं ठेवलं की दिसतं. चांदण्या निघाल्या तर सर तिला स्टेजवर बोलायला लावणार.

५ जानेवारी, सकाळी
टेस्ट केली. तवा काळा, पण तेलकट. संक्रांतीची काळी साडी उन्हात टाकली व्हती, जुन्नरच्या मैत्रिणीनं, साबेरानं दिलेली, कडक जरीची. तिच्या पदरावर ओलं तिकीट ठेवून अंगठ्यानं दाबलं. चांदण्या! एक न्हाई, चार. पोरगी क्लासला गेलेली, म्हणून बघायला मी एकटीच. चौथी शिकलेली बाई एक्स्पर्ट झाली. हे म्हणले, चष्मा पुसून बघ. ह्यांना माझं कौतुक कधी बघवलंय?

६ जानेवारी
यष्टीनं जुन्नरला. साबेराचं बांगड्याचं दुकान, आमची मैत्री चाळीस वर्षांची. तिचे मालक पीरमहंमदभाई तिकिटं जमवत्यात, भिंगबिंग हाय. पक्कं करून द्या म्हणून ठेवून आले. साबेरानं गुडघ्याचं तेल दिलं, वास उग्र पण गुण हाय. नवा फ्रिज दाखवला. फ्रिजला फुलांचं कव्हर. मी म्हणले, त्याला थंडी वाजती का गं? हसून हसून डोळ्यात पाणी.

९ जानेवारी
तिकीट आणलं. भाई म्हणले, वहिनी, सिंह हायेत, कॉमन हाय. पोरीनं घरी काळ्या फरशीवर बघितलं. सिंह.
मग माझ्या चांदण्या गेल्या कुठं?
बदललं!

१० जानेवारी
प्रूफ एक : तिकिटाला अत्तराचा वास. प्रूफ दोन : कडेचे दात कमी वाटत्यात. आधी मोजले न्हाईत, पण जास्त व्हते. प्रूफ तीन : निघताना साबेरानं दोनदा विचारलं, खूश हायेस ना? मनात काळं असंल तोच असं विचारतो.
बिबट्याच्या भीतीनं आमी दिवस मावळायच्या आत दारं लावतो, आन् चोर बघा कुठं बसलाय. बांगड्या भरतोय.
ठरवलं. कुणाला एक शब्द सांगायचा न्हाई.
शेजारच्या ठमाबाईला सांगितलं, पण तिला शपथ घातली.

११ जानेवारी
आख्ख्या वारूळवाडीला माहीत. ठमाबाईच्या पोटात काय राहत न्हाई.
साबेराचा फोन. तीनदा उचलला न्हाई. चौथ्यांदा हात आपोआप गेला. ताठ आवाजात म्हणले, मला सगळं ठाऊक हाय. ती म्हणली, अगं बया, कुणी सांगितलं? पोरीला सरप्राइज द्यायचं व्हतं!
सरप्राइज! चोरीला आता हे नाव.

१२ जानेवारी
दुधाच्या टेम्पोवाल्या भरतच्या हाती साबेराचं पाकीट आलं. आत लाल नकाशा. पोरीनं फरशीवर ठेवलं, चांदण्या. ती नाचायला लागली. चिठ्ठीत लिहिलेलं, पोरीला दोन्ही जाती दाखवता याव्या म्हणून भाईंच्या वहीतनं.
भाईंच्या वहीतनं म्हणे. माझंच मला. कबुली झाली. मी मोठ्या मनाची, माफ केलं. पण ह्या वर्षी तिला तीळगूळ न्हाई. फायनल.
हे म्हणले, फोन तरी कर तिला. मी भाकरीचा तवा आदळला.

१४ जानेवारी, संक्रांत
दुपारी हळदीकुंकवाला बाया जमल्या. काळी साडी नेसले व्हते. ठमाबाई म्हणली, दाव तर तुझ्या चांदण्या. मी मांडीवर पदर पसरला, लाल तिकीट ओलं केलं, दाबलं. चांदण्या! सगळ्या वा वा. तेजस्विनी जवळ आली आन् हळूच म्हणली, आजी, हे सिंहवालं हाय, चांदण्यांचं माझ्या वहीत हाय.

ठमाबाईनं हलव्याच्या पुडीचा कागद थुंकी लावून पदरावर दाबला. त्यातबी चांदण्या. मग यष्टीचं तिकीट दाबलं. त्यातबी.
म्हणली, अगं बयाबाई, तुझ्या पदराच्या बुट्ट्या हायेत गं त्या. तुझ्याकडं तर यष्टीसुद्धा चांदण्यांची.
बाया इतक्या हसल्या की एकीचा वाणाचा डबा सांडला. मी म्हणले, उजेड कमी व्हता. दुपारचे दोन वाजले व्हते.

१५ जानेवारी
जुन्नरला गेले. ठरवलं व्हतं, माफी मागायची न्हाई. भाईंचं तिकीट टेबलावर ठेवायचं, दोन शब्द बोलायचे, निघायचं. एका भल्या माणसानं वहीतलं काढून दिलेलं मी चोरीचा माल म्हणून ठेवून घेतलं, हे कुणाला सांगणार?
तिकीट ठेवलं. भाई म्हणले, वहिनी, दिलेलं परत घेत न्हाई, पोरीला छान बोलू द्या स्टेजवर. मी ते परत पिशवीत ठेवलं.
साबेरा म्हणली, तीळगूळ कुठं हाय? विसरलीस ना? तिनंच मला पेढा भरवला. म्हातारपणी तोंड भरलेलं असलं की बरं, बोलावं लागत न्हाई.
मग म्हणली, बया, खरं सांग, साडी आवडली न्हाई का? संक्रांतीला नेसून दाखवायला आली न्हाईस.
मी पेढा गिळला. म्हणले, लई आवडली गं. चांदण्या लई उठून दिसत्यात.