आईला स्वर्गात जायचं नाही

३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अ. उ. आ.

बाबांना चर्चच्या आवारात पुरताना तू केलेल्या प्रवचनाचं कौतुक अजून चाललंय. बाबा पुढे गेलेत, स्वर्गात आईसाठी खोली तयार करून तिची वाट बघताहेत, असं तू म्हणालास आणि शेजारच्या शिंप्यालाही हुंदका आवरेना. आई मात्र रडली नाही. का, ते परवा कळलं.

तिच्या हृदयाची झडप बदलायला हवी. ऑपरेशन नाही केलं तर वर्षही निघणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. आई नको म्हणते. या ऑपरेशनमधून बहुतेक बायका वाचतात, असं डॉक्टरांनी समजावलं, तर म्हणाली, ज्या वाचत नाहीत त्या कुठे जातात ते माझ्या मुलाने भर सभेत सांगितलंय. तिथे हे वाट बघत बसलेत. मला नाही जायचं. असेल ते वर्ष तरी इथे माझं.

आता तूच निस्तर, पाळकबुवा. लोभ असू दे, प्रवचनाइतका लांब नको.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आई दुःखाने गोंधळली आहे. तिला सांग, बायबलमधल्या स्वर्गात मृत्यू नाही, शोक नाही, रात्रसुद्धा नाही. पित्याच्या घरी खोल्या पुष्कळ आहेत. शिवाय सोबतीला बाबांसारखा देवमाणूस! त्यांनी जन्मात कधी आवाज चढवला नाही. चर्चच्या मंडळीतल्या नवऱ्यांना मी त्यांचंच उदाहरण देतो. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव, शंका उरणार नाही.

कृपा आहेच, ती राहू दे.

धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

वाचून दाखवलं. खोल्या पुष्कळ आहेत म्हटल्यावर तिला जरा हायसं वाटलं. कडी आतून असते का, तेवढं विचार म्हणाली.

बाबांनी आवाज चढवला नाही, खरंय. गरजच पडली नाही. ताट एका बोटाने पुढे सरकवायचे, की आई मुकाट्याने उठून दुसरं काहीतरी रांधायला लागायची. तू वसतिगृहातून सुट्टीपुरता यायचास आणि तुला वाटायचं, काय माया आहे! ते गेल्यापासून ती दुपारची घटकाभर आडवी होते. जन्मात पहिल्यांदा.

तेव्हा उपदेश नको. तिथे गेल्यावरही ती बाबांची बायकोच असेल का, एवढंच सरळ लिही. डॉक्टर घाई करताहेत.

माया पातळ झालेली नाही, पण ताणू नकोस.

ताई

२४ मार्च

ती. आईस शि. सा. न.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शास्त्रात आहे आणि मला ते पाठही होतं. नवरा मरत गेला तसतसं एकामागून एक सात भावांशी लग्न झालेल्या बाईबद्दल लोकांनी येशूला खोचकपणे विचारलं होतं, वर गेल्यावर ही बायको कोणाची? तो म्हणाला, तिथे लग्न हा प्रकारच नाही. म्हणजे कोणाचीच नाही. मी यावर कधी बोललो नाही. दफनाच्या वेळी ते बरं दिसत नाही, असं वाटायचं.

देव स्वतः प्रत्येकाचे डोळे पुसेल, असंही लिहिलंय. म्हणजे तुझं इतक्या वर्षांचं रडणं त्याला तरी दिसलं असणार. मला दिसलं नाही. बाबा तिथे असतील अशी माझी आशा आहे. पण असतील ते नवे होऊन, होते तसे नव्हे.

ऑपरेशन करून घे. मला तू अजून इथे हवी आहेस.

तुझा धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास आईचे अ. उ. आ.

झडप बसली. पडूनच लिहितेय, अक्षर समजून घे. आत नेताना भीती वाटली नाही. गेले असते तरी माझी मी गेले असते.

तुझ्या बाबांवर माझा राग नाही. भेटलेच तर दोन शब्द बोलेन बापडी. तू मात्र यापुढे कोणाच्या नवऱ्याला पुरशील, तर आधी बायकोला विचार आणि मग स्वर्गाचं बोल.

काल नर्सने चहा आणला आणि साखर किती, म्हणून विचारलं. मला सांगताच येईना. आजवर घरात चहा व्हायचा तो त्यांच्या चवीचा. शेवटी म्हटलं, तीन चमचे. नुसता पाक झाला होता.

सगळा प्यायले.

तुझी आई