फ्यूज बॉक्सवरची दुधाची पिशवी

प्रिय अहो,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि आज पहिल्यांदा लिहायला बसलेय. आपल्या व्हॅनचं दुखणं आज सापडलं. म्हटलं, तुम्हाला कळवावं. पण तुम्हाला ते आधीपासूनच माहीत होतं, हो ना?

परवा अमावास्या झाली आणि काल गाडी पुन्हा बंद पडली. हॉर्न नाही, वायपर नाही, किल्ली फिरवली की नुसती टकटक. माझा भाऊ म्हणाला, हा खटारा विकून टाक, रविवारी गिऱ्हाईक आणतो. मी बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते. भेटायला आलेल्या बायका मी कधी रडते म्हणून बघत बसतात आणि मी त्यांना चहा करून देते.

विकण्याआधी एकदा दाखवावी म्हणून प्रणालीनं कासारवाडीच्या एका इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं. आपली पोर आता व्हॅन छान चालवते बरं का. त्या माणसानं आधी कशालाच हात लावला नाही. गाडी नेमकी कधी बिघडते, एवढंच विचारलं. मी म्हटलं, अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत. दसऱ्यानंतर, पाडव्यानंतरसुद्धा. बाधाच आहे तिला.

त्यानं डॅशबोर्डखालचं झाकण काढलं. फ्यूजच्या पायांना हिरवा गंज चढला होता. त्यानं बोट लावून बघितलं.

"ह्ये साधं पाणी न्हाई, वहिनी. चिकाट हाय. गाडीवर काय वतता तुमी?"

नारळ! दर अमावास्येला, शिवाय दसऱ्या-पाडव्याला गाडीपुढे फोडायचा आणि त्याचं पाणी पुढच्या काचेवर ओतायचं. ते काचेखालच्या जाळीतून थेट फ्यूज बॉक्सवर उतरत होतं. गाडी बिघडते म्हणून मी नारळ फोडत होते आणि नारळामुळे गाडी बिघडत होती. चार वर्षं.

त्या बॉक्सवर दुधाची पिशवी कापून, पसरून, दोऱ्यानं बांधलेली होती. मधोमध फाटली होती. गाठ तुमची होती. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माझा जुना टूथब्रश आणि फडकं घेऊन खाली जायचात. मला वाटायचं, गाडी पुसताय.

मग सांगितलं का नाही? आळंदीला भावाच्या घरी, भरल्या पंगतीत मी म्हणाले होते, "ह्यांना कुणीही टोपी घालतं, चांगली म्हणून सडकी गाडी गळ्यात बांधली." तुम्ही हसून भात वाढून घेतलात. तेव्हा तरी बोलायचं होतं! मला चारचौघांत खोटं पाडलं असतंत तरी चाललं असतं.

का नाही बोललात, तेही मला माहीत आहे. चाकणच्या रस्त्यावरून तुम्ही शिफ्ट संपवून ह्या गाडीनं घरी येईपर्यंत माझा डोळा लागत नसे. नारळ फोडायला लागले तेव्हा कुठे झोप यायला लागली. माझी झोप मोडू नये म्हणून तुम्ही दर महिन्याला गंज खरवडत बसलात.

हे कळल्यापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. कंपनीतून फोन आला, छातीत कळ आली आणि गेले. ती कळ पहिलीच होती का हो? की मी झोपावी म्हणून तीही तुम्ही अशीच झाकून ठेवली होती? आठवून आठवून थकले. तुम्ही कधी छातीवर हात ठेवलेला मला आठवत नाही. मी बघतच नव्हते की काय?

रविवारी भाऊ आला की त्याला सांगेन, गाडी चांगली आहे, माझ्या माणसानं नीट पारखून घेतली होती, विकायची नाही. तेवढं मी तुमचं देणं लागतेच.

आणखी एक. महिनाभर मला अन्न जात नाही. परवा जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून बसले. पोरीला बोलले नाही, तिची परीक्षा आहे म्हणून. आज सांगणार आहे. हे पत्र पुरं झालं की लगेच, ती शेजारच्या खोलीत जागी आहे तोवर.

तुमची,
सुनंदा