टोपल्यावरचा पाय

२ जुलै १९३४, सोमवार. लोणावळे.

माणसाचा पाय मोडला की घरच्यांनी त्याला हळद घातलेले दूध द्यावे, हळू बोलावे आणि निदान आठवडाभर तो म्हणेल ते खरे मानावे, अशी सुधारलेल्या समाजाची रीत आहे. आमच्या घरी धोतर मागतात.

सकाळी सौ. खाटेशी येऊन उभी राहिली. मला वाटले, दूध. म्हणाली, तुमचे ते जुने मऊ धोतर द्या, अनसूयेच्या बाळाला लंगोट आणि दुपटी करायला हवे. तळेगावला आमच्या या लेकीचे दिवस भरत आले आहेत. दुसरी खेप, म्हणून बाळंतपण सासरीच.

ते धोतर म्हणजे नुसते कापड नव्हे. इतके पावसाळे धुऊन धुऊन ते अशा अवस्थेला आले आहे की अंगावर आहे की नाही हे चाचपून पाहावे लागते. असे धोतर दुकानात मिळत नाही. ते घडवावे लागते. मी घडवले. आणि आता ते एका अजून न जन्मलेल्या प्राण्याच्या बुडाखाली जाणार!

नकार दिला. कारण: प्लास्टरवरून तेवढे एकच धोतर सरकते. धोतर उशीखाली ठेवले आहे.

३ जुलै

कसा पडलो याची नोंद करून ठेवतो, कारण गावात भलतेच पसरले आहे.

मी पडलो नाही. शेजारचे चिंतामणराव (रेल्वेत पार्सल क्लार्क, चाल बदकाची) आमच्या दारच्या तीन दगडी पायऱ्या भिंत धरून उतरत होते. शेवाळाची भीती! मी त्यांना शेवाळावरून चालण्याचे शास्त्र समजावून देत होतो. आधी टाच, मग भार, नजर समोर, भिंतीला हात नाही. शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा घर्षण मला कळते. डेमॉन्स्ट्रेशन चालू असताना पाय गेला. शास्त्रात चूक नाही. दगडात आहे.

करंगळीमागचे हाड. डॉक्टर त्याला मेटाटार्सल म्हणतात. नाव भारदस्त आहे. पाच-सहा आठवडे पाय टेकायचा नाही, प्लास्टर भिजवायचे नाही.

रिझोल्यूशन: नागपंचमीला नागफणीच्या कड्यावर चढून जाणार. पायी. चिंतामणरावांना बरोबर नेणार, म्हणजे त्यांना शास्त्र पटेल.

८ जुलै

आज माझी खिडकी बुजवली. पश्चिमेची झड आत येते म्हणून दरसाल बाहेरून कारवीचे झाप बांधतात, ते बांधले. दरसाल मी खाली उभा राहून सूचना देतो. यंदा कुरवंड्याची झुंबरबाई दूध घालायला आली, तिने नवऱ्याला आणले, आणि त्याने माझ्या सूचनांशिवायच बांधून टाकले. एक थेंब आत येत नाही. योगायोग.

आता खोलीत भरदिवसा कंदील. मीठ पाझरते. काडी पेटत नाही. रस्त्याने कोण गेले ते खोकल्यावरून ओळखायचे. सोबतीला भिंतीवरची पाल. ती तरी चालते.

१५ जुलै

सौ.चा बेत असा: बारशाला तळेगावला जायचे आणि बाळंतिणीजवळ दोन-तीन आठवडे राहायचे. थोरल्या नातवाच्या वेळी अनसूया इथे होती. या खेपेला सासूबाईंचे सांधे धरलेले, पोरीला हाताखाली कोणी नाही.

मी मोठ्या मनाने म्हणालो, अवश्य जा. मी स्वावलंबी माणूस आहे. फक्त काही व्यावहारिक प्रश्न विचारले. पाणी कोण तापवणार, भांडे कोण उचलणार, कंदिलाची काच कोण पुसणार, माझी उशी उलटी कोण करणार. जेवण चिंतामणरावांकडून येईल म्हणाली. त्यांच्याकडच्या आमटीत गूळ नसतो, हे मी केवळ माहितीसाठी सांगितले.

ती म्हणाली, तुमचा पाय टेकू लागला की जाईन. बारशापर्यंत टेकेल ना?

टेकेल म्हणालो. शब्द दिला.

२५ जुलै

चिंतामणरावांनी गार्डाकडून निरोप आणला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. बारसे पाच ऑगस्टला.

सौ.ने साखर वाटली. मला चमचाभर, झुंबरबाईला मूठभर. झुंबरबाई म्हणाली, आता काकू, तुमी काय हितं ऱ्हात न्हाई. सौ. माझ्या पायाकडे पाहून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दुपारपासून शिवणे चालू. तिच्या आईचे एक जुने इरकली लुगडे ट्रंकेत होते, त्याचे दुपटे आणि कुंची. टाके इतके बारीक की मला चष्म्यातूनही दिसेनात. शिवता शिवता तिने एकदा माझ्या उशीकडे पाहिले. मी डोळे मिटून घेतले.

३० जुलै

प्लास्टर ओलसर लागते. बोटांपाशी मऊ पडले आहे आणि कडेला हिरवट काही धरले आहे. वासही. झुंबरबाई दारातूनच म्हणाली, मास्तर, तुमच्या पायावर भुईछत्र्या उगवायल्यात, भाजीला द्या.

विचार केला. या गावात पावसाळ्यात आपण होऊन काही वाळत नाही. कपडे, वाती, पोरांच्या टोप्या, सगळे शेगडीवर बांबूचे टोपले पालथे घालून त्यावर वाळवतात. घरात सगळ्याची सोय आहे. एक मीच ओला.

बारसे जवळ आले. शब्द दिला आहे. ओल्या प्लास्टरमध्ये हाड सांधत नाही, हे साधे पदार्थविज्ञान. सौ.ला थिअरी सांगितली. म्हणाली, टोपल्याला पाय लावायचा नाही. बायकांना थिअरी नको असते.

२ ऑगस्ट, संध्याकाळ

जे घडले ते नीट लिहून ठेवतो.

दुपारी सौ. जेवणाचे सांगायला चिंतामणरावांकडे गेली. खोलीत शेगडी, शेगडीवर टोपले, टोपल्यावर धुतलेले दुपटे. कुंची वाळून बाजूला ठेवली होती. मी दुपटे किंचित सरकवले. अगदी किंचित. आणि तिच्यासाठीच, तिला बारशाला जाता यावे म्हणूनच, प्लास्टर टोपल्यावर ठेवले.

फार सुख वाटले. महिन्याभरात प्रथमच पायाला वाटले की आपल्याला कोणीतरी आहे. डोळा लागला असावा.

जाग आली ती वासाने. पाय जळतो आहे असे वाटून झटका दिला. पाय जळत नव्हता. दुपटे सरकून टोपल्याखाली गेले होते. टोपले एकीकडे, शेगडी दुसरीकडे, निखारे जमिनीवर. मी एका झेपेत उभा राहिलो आणि पायाने विझवले. त्याच पायाने. प्लास्टर होते म्हणून भाजलो नाही. फुटले मात्र ते, आणि आत पुन्हा तोच, पायऱ्यांवर ऐकलेला, कट्कन आवाज झाला.

विझवले मीच, हे कोणी ध्यानात घेत नाही.

सौ. आली. खाली बसली. निखारे चिमट्याने शेगडीत घातले. अर्धे उरलेले दुपटे झटकले, त्याची नीट घडी केली आणि ट्रंकेत ठेवले. एक शब्द नाही. एखादा तरी बोलायला हवा होता.

३ ऑगस्ट

हाड पुन्हा सरकले. नवे प्लास्टर, पुन्हा सहा आठवडे. डॉक्टरांनी विचारले, कसे झाले? घसरलो म्हणालो. सौ. जवळच उभी होती. तिने पदर सारखा केला.

चिंतामणराव भेटायला आले. पंचवीस मिनिटे बसले आणि चेहरा सगळा वेळ गंभीर ठेवला. जाताना दारात म्हणाले, मास्तर, वर तूप सोडले होते का?

झुंबरबाईने तर सरळ विचारले, पाय वाळवत हुता व्हय? आमी बोंबील वाळवतो तसा? ब्राह्मणाच्या घरात हे शब्द!

५ ऑगस्ट

तळेगावला बारसे. सौ. इथे.

सकाळी तिने शिरा केला. देवापुढे ठेवला, मग मला दिला. पाणी दिले, उशी उलटी केली, कंदिलाची काच पुसली. मी व्यावहारिक प्रश्न विचारले होते, त्या सगळ्यांची उत्तरे हजर होती.

दुपारी पुण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरची शिटी झाली तेव्हा ती पुढच्या दारात बसली होती. खाटेवरून तिची पाठ दिसते. मी विचारले, नाव काय ठेवतील? म्हणाली, कळेल.

धोतर द्यावे असा विचार मनात आला. पण आज दिले असते तर चूक कबूल केल्यासारखे दिसले असते. चूक प्लास्टरची आहे. बहुधा जर्मन माल.

१४ ऑगस्ट, नागपंचमी

नागफणीचा प्रोग्रॅम हवामानामुळे पुढे ढकलला.

सुधारित रिझोल्यूशन: प्लास्टर निघताच स्टेशनपर्यंत. रोज. ताठ मानेने, बाजारातून.

घरात शांतता. आपण बोललो नाही तर या घरात दिवसभर फक्त पागोळ्यांचा आवाज असतो. बरे आहे. विचार करायला सवड मिळते. कशाचा, ते अजून ठरले नाही.

२० ऑगस्ट

नाव कालिंदी ठेवले. पंधरा दिवसांनी कळले. सौ.ने ते मला सांगितले नाही. झुंबरबाईला सांगताना मी ऐकले.

१५ सप्टेंबर

काल प्लास्टर कापले. आत जो पाय निघाला तो माझा नाही. बारीक, पांढरा, चामडी सुटलेला. एखाद्या म्हाताऱ्याचा बदलून आला असावा.

डॉक्टर म्हणतात, हाड सांधले. आता चाला. जितके चालाल तितके बरे.

सौ. म्हणाली, मग पुढच्या आठवड्यात मी जाऊ? मी म्हणालो, डॉक्टर तरुण आहेत. पायाचे पायाला कळते.

१८ सप्टेंबर

स्टेशनचा प्रोग्रॅम तूर्त विहिरीपर्यंत आणला.

२० सप्टेंबर

विहीर ओली असते. मोरीपर्यंत. भिंत धरून.

नेमके तेव्हाच चिंतामणराव आले. म्हणाले, भिंतीला हात? शास्त्र बदलले वाटते. मी म्हणालो, हे निराळे शास्त्र आहे. आजाऱ्याचे.

दुखते का असे त्यांनी विचारले. दुखते म्हणालो. ते गेल्यावर पाय टेकून पाहिला. दुखत नव्हता. पण दुखेल असे वाटत होते, आणि विज्ञानात संभवालाही किंमत आहे. मी भीत नाही. पाय भितो. मी त्याचा मान राखतो.

२३ सप्टेंबर

झुंबरबाई दूध ओतता ओतता म्हणाली, मास्तर, काकूंस्नी डाक्टरनं समदं सांगितलंया. पाय तुमचा बरा हाय. काकू बोलत न्हाईत, पर जाणत्यात. नात दोन म्हयन्यांची झाली, अजून आज्जीच्या मांडीवर न्हाई आली.

मी म्हणालो, दुधात पाणी जास्त आहे.

व्हय, म्हणाली, पावसाळा हाय.

२५ सप्टेंबर

जेवताना सौ. म्हणाली, परवा सकाळच्या गाडीने मी तळेगावला जाते. झुंबरबाई गाठोडे घेऊन स्टेशनपर्यंत येईल. जेवण चिंतामणरावांकडून येईल.

जाऊ का, असे नव्हते. जाते.

त्यांच्या आमटीत गूळ नसतो, एवढे मी म्हणालो. ती म्हणाली, गूळ फडताळात दुसऱ्या डब्यात आहे. घालून घ्या.

फडताळ खाटेपासून बरेच लांब आहे. हे तिला माहीत आहे.

२६ सप्टेंबर, दुपार

सौ. वाणसामान आणायला गेली.

उशीखालचे धोतर काढले. मोरीत नेऊन धुतले. जाताना भिंत धरली. येताना दोन्ही हातांत ओले धोतर होते, त्यामुळे भिंत धरायची राहिली. हे मागाहून लक्षात आले.

फाडले. इतके मऊ झाले होते की फाटताना आवाजसुद्धा झाला नाही. सहा लंगोट आणि एक मोठा तुकडा दुपट्यापुरता. शेगडी पेटवली, टोपले पालथे घातले, वर पसरले. स्वतः समोर बसलो. पाय खाटेखाली घातला. झोप येऊ नये म्हणून पाढे म्हटले, एकोणतीसचा चुकला.

वाळल्यावर घड्या केल्या आणि तिच्या गाठोड्यात तळाशी, कुंचीच्या खाली घातल्या. टाके घालता येत नाहीत, ते अनसूया घालील. एक दुपटे मी लागत होतो.

उद्याचा प्रोग्रॅम: गाठोडे मी स्वतः नेणार. स्टेशनपर्यंत. बाजारातून. ताठ.

२७ सप्टेंबर

नवे धोतर नेसलो, कोट घातला, टोपी घातली. गाठोडे उचलले. दारापर्यंत उत्तम चाललो.

पुढे त्या तीन पायऱ्या. ऊन पडले होते, तरी शेवाळ हिरवेगार. आधी टाच, मग भार, नजर समोर, सगळे आठवले. टाच पुढे होईना.

सौ. खाली उतरून उभी होती. थांबली. बराच वेळ थांबली. गाडी चुकेल असेही म्हणाली नाही. शेवटी झुंबरबाईनेच वर येऊन माझ्या हातातले गाठोडे घेतले, डोक्यावर ठेवले आणि म्हणाली, काल उचलून बघितलं तवा हलकं हुतं की वो काकू.

सौ.ने गाठोड्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. म्हणाली, आज नवे नेसलात?

जुने फार विरले होते, म्हणालो.

तिने मान डोलावली. वाऱ्यात बसू नका म्हणाली, आणि निघाली. दोघी वळणाकडे गेल्या. वळण वरून दिसत नाही, खालच्या पायरीवरून दिसते. तेव्हा मी वरच्या पायरीवर बसलो. मग बसल्या बसल्या दुसरीवर. मग तिसरीवर. कुंपणापलीकडे चिंतामणराव दात घासत उभे होते. त्यांनी पाठ फिरवली. सभ्य माणूस आहे.

वळणावर तिने एकदा मागे पाहिले. मी खालच्या पायरीवर बसून हात केला.

वर येताना भिंत धरून आलो. धोतर मागून हिरवे झाले आहे. धुवावे लागेल. खळ गेलेली नाही, फार टोचते.