अंतर एकशे बेचाळीस, सर्व ठीक

३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.
निवृत्तीनंतर लोक गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसतात. मी निसर्गाच्या सेवेसाठी समुद्र ओलांडून या वनसंवर्धन केंद्रात स्वयंसेवक म्हणून आलो. मुक्काम चाळीस दिवस. सौ. म्हणाली, चार दिवस टिकलात तरी पेढे वाटीन. आयुष्यात एक गोष्ट तरी शेवटपर्यंत करून दाखवा. दाखवतोच. शेवटी सर्टिफिकेट मिळतं. मेव्हणा सोफ्यावर बसला की बरोबर नाकासमोर येईल अशा उंचीवर लावणार.
संकल्प: पाचला उठणे. कुरकुर न करणे. बूट (नवे, वॉटरप्रूफ) जपणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
काम समजलं. केंद्राच्या मागे डोंगर आहे आणि डोंगराला वर एक लांबलचक भेग पडली आहे. भेगेच्या दोन्ही काठांवर एकेक लोखंडी खुंटी. रोज सकाळी वर जायचं, दोन खुंट्यांमधलं अंतर मोजायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं. प्रमुखबाईंनी (तरुण, कमी बोलणाऱ्या) स्वतः नेऊन दाखवलं. आज १४२ सेंटिमीटर. दीडशे झालं की ताबडतोब कळवायचं आणि भेगेच्या थेट खाली असलेलं स्वयंपाकघर रिकामं करायचं. स्वयंपाकघराच्या मागच्याच खोलीत स्वयंपाकीणबाई आणि त्यांच्या सासूबाई राहतात. सासूबाईंना ऐकू येत नाही.
म्हणजे दोन जीव माझ्या टेपवर. उगाच नाही मला हे काम दिलं. दुसरा स्वयंसेवक, दाढीवाला, सहा फूट उंच, त्याला रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायला बसवलंय. प्रमुखबाईंना माणसाची पारख आहे.
वर जायला पाऊण तास. चिखल नडगीपर्यंत. बूट धुवायला एक तास.

४ ऑक्टोबर, मंगळवार.
१४२. केंद्राचा स्टीलचा टेप जड आहे, म्हणून सौ.च्या शिवणाच्या डब्यातून आणलेला कापडी वापरतो. खिशात मावतो.
स्वयंपाकीणबाईंना मी मावशी म्हणतो. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील, पण पानात वाढणारी बाई ती मावशीच. त्यांना अर्थ सांगितला, आवडला असावा. नाश्त्याला त्यांनी आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग आकडा विचारला. १४२ म्हटल्यावर आत जाऊन सासूबाईंना बोटांनी सांगितलं. बूट सुकवायला चुलीजवळ ठेवून घेतले, आत कागदाचे बोळे भरून दिले. गुणी बाई.
माझं इंग्रजी आणि इथल्यांचं इंग्रजी एकाच दर्जाचं असल्याने गप्पा छान रंगतात.

६ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ८.
उजवा गुडघा. अर्ध्या वाटेतून परत. तसंही तीन दिवसांत भेग एका मिलिमीटरने हललेली नाही. डोंगर आहे, हातगाडी नव्हे. रजिस्टरमध्ये १४२ लिहिलं. यात खोटं काही नाही, याला अनुभवावर आधारित अंदाज म्हणतात.
मावशींनी बुटांकडे पाहिलं. आकडा विचारला.

१० ऑक्टोबर, सोमवार.
प्रमुखबाई दोन आठवड्यांसाठी शहरात मीटिंगला गेल्या. रोज आठला फोन करून आकडा विचारणार.
आमच्या ऑफिसात आठवड्याची हजेरी सोमवारीच मारून टाकायची पद्धत होती. तेहतीस वर्षांत कुणाचं काही अडलं नाही. मी आज रविवारपर्यंतचे आकडे भरून ठेवले. तेच तेच बरं दिसत नाही म्हणून थोडे वरखाली केले: १४२, १४२.२, १४१.८, १४२.१, असे रविवारच्या १४२.३ पर्यंत. प्रत्येकापुढे शेरा, ‘सर्व ठीक’. अक्षर सुरेख आलंय.
आता सकाळचे दोन तास मोकळे. चिंतन करावं म्हणतो.

१२ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ८.१५.
फोन. १४१.८ वाचून दाखवलं. प्रमुखबाईंनी आकडा परत वदवून घेतला. मग विचारलं, भेग मिटत चाललीय का? मी म्हणालो, निसर्ग आपली जखम आपणच भरतो. त्या म्हणाल्या, परत मोजा. दहा मिनिटांनी परत फोन करून १४२ सांगितलं. पाऊण तासाची चढण दहा मिनिटांत कशी चढलो, हे त्यांनी विचारलं नाही. विश्वास ही मोठी गोष्ट आहे.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार.
चार दिवस संततधार. स्वयंपाकघराचा दरवाजा लागत नाही. चौकट तिरकी झाली आहे. सुताराचं काम, दुसरं काय. सगळीकडे सुतार सारखेच. मावशी म्हणाल्या, दरवाजा गेल्या आठवड्यापर्यंत लागत होता. लाकूड फुगतं, मी समजावलं.
मागच्या झऱ्याचं पाणी चहाच्या रंगाचं येतंय. केंद्राचं कुत्रं स्वयंपाकघराच्या पायरीवर झोपायचं, ते आता माझ्या व्हरांड्यात येऊन पडतं. जनावराला माणूस कळतो.
मावशींनी विचारलं, तुम्ही रोज वर जाता ना? हो म्हणालो. त्या बुटांकडे पाहत होत्या. बाईंची नजर आहे माझ्या बुटांवर, जाताना यांच्या नवऱ्याला देऊन टाकावेत असं मनात आलं होतं. चौकशी केली तर नवरा वारलेला. पाच वर्षांपूर्वी, याच डोंगरावर. पलीकडची बाजू घसरली तेव्हा. खुंट्या त्यानंतर ठोकल्या म्हणे.
जेवण गेलं नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १२.
सौ.चा फोन. गुडघा कसा आहे, रोज चढता का? हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर कसंसंच झालं. म्हणून गेलो वर. मनात आणलं तर मी काहीही करू शकतो.
वर शांतता होती. पाखरू नाही. भेगेजवळची झाडं सगळी खालच्या अंगाला कलली आहेत. भेगेत पाणी जात होतं आणि ते कुठून बाहेर पडतंय ते दिसत नव्हतं.
एका खुंटीला टेप अडकवला, दुसरीपर्यंत ओढला. पुरला नाही. टेप दीडशेचा आहे. वीतभर कमी पडला.
परत ओढला. परत वीतभर.
खाली येताना उलगडा झाला. टेप खिशात होता आणि पँट मशीनमध्ये धुवायला टाकली होती. आटला! कापडी वस्तू आटतेच. उगाच घाबरलो.
मावशी दारातच उभ्या. बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. आकडा? मी म्हणालो, एकशे बेचाळीस पॉइंट तीन. रजिस्टरमध्ये आजचा तोच होता, सोमवारीच भरलेला. आता तिथे दुसरं काही लिहायचं तर खाडाखोड. खाडाखोड आली की चौकशी आली. तेहतीस वर्षं एका कागदावर खाडाखोड नाही माझी.
संकल्प: स्टीलच्या टेपने मोजणे. उद्याच.

१७ ऑक्टोबर, सोमवार.
पाऊस. स्टीलचा टेप खरंच जड आहे. या आठवड्याचे आकडे भरले, २३ तारखेपर्यंत. १४२.२ ते १४२.४. थोडी वाढ दाखवली आहे, प्रामाणिकपणे.
जेवण अर्धा तास उशिरा आणि गार. अशाने स्वयंसेवक टिकतील कसे?

१८ ऑक्टोबर, मंगळवार.
आजही गार. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात डोकावलो तर मोठं पातेलं नाही, शेगडी नाही, सासूबाईंची खुर्चीही नाही. चोरी! आठच्या फोनवर कर्तव्य म्हणून कळवलं.
चोरी नव्हती. मावशींनी गावातल्या बंद शाळेत चूल मांडली आहे, सासूबाईंसकट. दाढीवाल्याने सामान वाहिलं. तिथून जेवण इथे आणतात, म्हणून गार. प्रमुखबाई म्हणाल्या, मावशींनी मलाही फोन केला होता, डोंगर हलतोय म्हणून; मी सांगितलं की रजिस्टर तसं म्हणत नाही. मग मला विचारलं, तुम्ही रोज मोजता, तुम्हीच सांगा, त्यांना परत आणायला हरकत आहे का?
मी रजिस्टरकडे पाहिलं. किती नीटनेटकं.
हरकत नाही म्हणालो.
गुरुवारी सकाळी चूल परत आणायची असा हुकूम सुटला.

१९ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ५.
डोंगरातून आवाज येतो. बोटं मोडल्यासारखा. एकदा, मग बराच वेळ काही नाही, मग दोनदा. कुत्रं व्हरांड्यातूनही गेलं.
मला भीती वाटते. लिहून टाकलं. इथे कोण वाचतंय.
दाढीवाल्याला सांगावं म्हणून रोपवाटिकेपर्यंत गेलो. तो मातीने माखलेला, घामाने निथळत होता. म्हणाला, काय काका? (हा शब्द मीच शिकवलाय.) मी म्हणालो, काही नाही, पाऊस फार आहे. तोही हो म्हणाला.
परत येऊन शांतपणे विचार केला. एकदम दीडशेच्या वर आकडा सांगितला तर आधीचे सगळे खोटे ठरतात. सर्टिफिकेट गेलं, सौ. आहेच, मेव्हणा आहेच. त्यापेक्षा सोमवारपासून रोज अर्धा सेंटिमीटर वाढवत न्यायचं. पंधरासोळा दिवसांत दीडशे येतं. मग रीतसर कळवायचं. कुणाचीच बेअब्रू नाही.
डोंगराने तेवढी कळ काढावी.

२० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ९.
मावशी नाश्ता घेऊन आल्या. सगळ्यांसमोर विचारलं, आज तुम्ही स्वतः वर जाऊन आलात? हो म्हणालो. खाली पाहिलं, त्यांच्याबरोबर मीही. बूट लखलखत होते. त्या बरं म्हणाल्या आणि निघून गेल्या. गेल्या असतील चूल मांडायला. प्रश्न मिटला.
दहाला जाऊन मोजतोच. अकराला नक्की.

२० ऑक्टोबर, दुपारी ४.
अक्षर बिघडलं.
अकराला दहा मिनिटं कमी होती. मी बुटांच्या नाड्या बांधत होतो, खरंच बांधत होतो. आधी आवाज नव्हता. खिडकीतून झाडं उभीच्या उभी चालत खाली येताना दिसली. मग आवाज. मग स्वयंपाकघर नव्हतं. कौलं नाहीत, दरवाजा नाही, तिथे नुसती माती.
मी धावलो. हातांनी उकरायला लागलो. ती माती हातांनी उकरायची नाही हे लहान मुलालाही कळलं असतं. मावशी, मावशी ओरडत होतो. सासूबाईंना ऐकू येत नाही हे आठवलं तेव्हा रडायला लागलो. दाढीवाल्याने मागून धरलं तर त्याला मारलं. दीडशेच्या वर होतं, टेप आटला नव्हता, मी आणलं त्यांना परत, असं ओरडत होतो. सगळं मराठीत. त्याला एक अक्षर कळलं नसणार, पण तो सारखा हो हो म्हणत होता.
मग मागून कुणीतरी माझ्या हातातला दगड काढून घेतला. मावशी. त्या आल्याच नव्हत्या परत. शाळेतच होत्या. सासूबाई तिथे खुर्चीवर बसून भाजी निवडत होत्या.
त्यांनी मला व्हरांड्याच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं. कुणी विचारलं नाही तरी त्याच बोलल्या. इतके दिवस तुमचे बूट कोरडे असायचे आणि आकडा तुम्ही घडाघड सांगायचात. रविवारी बूट चिखलाने भरलेले होते आणि आकडा सांगताना तुमच्याने वर बघवेना. त्याच दुपारी सासूबाईंना हलवलं. आज परत बूट कोरडे.
मी म्हणालो, मला बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, नाही बोललात.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार.
प्रमुखबाई आल्या. आधी मावशींकडे गेल्या, बराच वेळ त्यांचा हात धरून उभ्या होत्या. मग रजिस्टर मागितलं. टेबलावर उघडलं. गुरुवार, १४२.३, सर्व ठीक. शुक्रवार, १४२.३, सर्व ठीक. शनिवार. रविवार.
दोन्ही खुंट्या कालपासून पंधरा फूट मातीखाली आहेत.
ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, रविवारी तुम्हाला भेग दिसली कशी? मी म्हणालो, परवाचा रविवार यायचा आहे अजून. त्या म्हणाल्या, तेच.
खाडाखोड मात्र कुठेही नव्हती.

२४ ऑक्टोबर, सोमवार.
सर्टिफिकेटचा विषय कुणी काढत नाही. परतीचं तिकीट बदलता येत नाही, त्यामुळे चाळीस दिवस पुरे होणारच. सौ.ला फोनवर सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं. निम्मं सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईंच्या पाया पडा. पडायला गेलो. मावशींना वाटलं माझं काहीतरी खाली पडलं, त्याही शोधू लागल्या.
काम बदललं आहे. शाळेत मावशींच्या हाताखाली. बटाटे सोलणे, किती सोलले ते पाटीवर लिहिणे.

२६ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ११.
आता खरेपणाने वागायचं. आतून ठरवलंय, संकल्पबिंकल्प नाही. गुरुवारपासून नीट झोप नाही, डोळे मिटले की झाडं चालत येतात. एवढं घडल्यावर माणूस बदलतोच.
आज बटाटे बेचाळीस. पाटीवर सुरेख अक्षरात लिहिलं. मावशींनी पाटी वाचली, माझ्या हातांकडे पाहिलं, घमेलं पुढे ओढलं आणि एकेक बटाटा काढून मोजायला बसल्या.
एकोणतीस निघाले.